मांडीवर लेकरू देण्याआधी तिनं माझा फोटो काढला

मित्रांनो, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जाऊन नाही राहिली, म्हणून लिहितो.

सेनगावहून गोरेगावच्या जीपमध्ये बसलो होतो. काम काहीच नव्हतं. निघालो होतो चप्पल शिवायला, पण जीप दिसली की माझं असंच होतं. असो.

आपल्याकडं जीप भरली की लेकरं बसलेल्यांच्या मांडीवर जातात. मी पण असाच कुणाकुणाच्या मांडीवर वाढलो. आज दाटीत अवघडून उभ्या असलेल्या एका बाईनं पाच-सहा वर्षांची पोरगी माझ्याकडं दिली. पण आधी मोबाईल काढून माझा फोटो घेतला.

"राग नका मानू, भाऊ. आजकाल काई सांगता येत न्हाई."

शेजारचे आजोबा म्हणले, "माझा बी काढ बाई, आधार कार्डावरचा लई बेकार आलाय."

सगळे हसले. ती नाही हसली.

पोरगी माझ्या गुडघ्याच्या टोकावर ताठ बसली. डोळे मिटायला लागले की स्वतःच्याच दंडाला चिमटा काढायची.

"टेक की बाळा, झोप."

"न्हाई. मम्मी म्हन्ती, दुसऱ्याच्या मांडीवर झोपायचं न्हाई."

गोरेगावला उतरल्यावर आईनं आधी तेच विचारलं, "झोपली न्हाईस ना?" पोरीनं मान हलवली, आईच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि तिथंच झोपली.

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. पोरीच्या दंडावरचे लाल डाग डोळ्यासमोरून हलत नाहीत.

खरं सांगा, तुमी तुमचं लेकरू माझ्याकडं दिलं असतं का? त्या बाईच्या जागी मी तर उभाच राहिलो असतो, लेकराला कडेवर घेऊन.