पावाच्या कडा

गिऱ्हाइकाला "काय हवं?" असं विचारणं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मामांना अपमानाचं वाटायचं. गिऱ्हाइकाच्या नव्हे, स्वतःच्या. दुकानात एका बाजूला डाळ-तांदूळ, साबण, सुया-बटणं, तर दुसऱ्या बाजूला सँडविचची फळी. माणूस रस्ता ओलांडताना दिसला की मामांची सुरी सुरू. पोस्टमनला काकडी जाड, शाळेतल्या बाईंना कांदा वर्ज्य, टॅक्सीवाल्याला लोणी दुप्पट. कोणी चुकून "आज जरा वेगळं द्या" म्हणालाच, तर उत्तर ठरलेलं, "वेगळं हवं तर वेगळ्या दुकानात जा!"

समोरच्या खोलीतल्या शिवणवालीला ही जीभ पहिल्याच दिवशी झोंबली होती. नवरा गेल्यावर एक मशीन घेऊन ती इथे राहायला आली, तेव्हा तिच्याकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. मग बटणं घ्यायला येणाऱ्यांना मामा दटावू लागले, "सुईत दोरा ओवता येतो का तुम्हाला? मग समोर जा!" बघता बघता शिवणवालीला मान वर करायला फुरसत उरली नाही. ती आभार मानायला गेली, तर म्हणाले, "आभार काय पावाला लावू?" पण मामांच्या त्या फाटक्या तोंडावर आपली चूल पेटली, हे ती कधी विसरली नाही.

त्या मामांचं मनगट मोडलं. बिस्किटांचा डबा काढताना स्टुलावरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. पुतण्या म्हणाला, "काका, आता पुरे. बंदच करून टाकू दुकान." मामांनी नुसती मान डोलावली. उलट उत्तर न देणारे मामा शिवणवालीने पहिल्यांदाच पाहिले. दुकान गेलं तर हा माणूस घरात बसून झुरून मरेल, हे तिला लख्ख दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मशीन कापडाने झाकलं आणि फळीमागे जाऊन उभी राहिली.

"माझ्या सुरीला हात लावायचा नाही," मामा म्हणाले.

"मग चालवा डाव्या हाताने. बोट तुटलं तर मी शिवून देईन."

मामा स्टुलावर बसले आणि रस्त्याकडे डोळे लावून हुकूम सोडू लागले. "पोस्टमन आला, काकडी जाड! अगं जाड म्हणालो, अस्तर लावायचं नाहीये तुला!" पहिली काही सँडविचं वेडीवाकडी झाली, पण रिकाम्या हाताने कोणी परत गेलं नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने विचारलं, "आता तुमचं. काय घालू?"

सगळ्या गल्लीची आवड तोंडपाठ असलेल्या माणसाला स्वतःची सांगता येईना.

"त्या कडा आहेत ना," ते पुटपुटले.

सँडविच करताना कापलेल्या पावाच्या कडा मामा उभ्या उभ्या खातात, हे तिने खिडकीतून कितीदा तरी पाहिलं होतं. तिला वाटायचं, आवडत असतील.

तिने ताजा पाव घेतला. टॅक्सीवाल्यासारखं भरपूर लोणी लावलं, उकडलेलं अंडं घातलं, काकडी घातली, कडा कापल्या आणि बशी मामांपुढे ठेवली. ते एकच घास बराच वेळ चावत राहिले.

"कांदा हवा होता थोडा."

"उद्या घालते."

मामांचा डावा हात सवयीने फळीवरच्या कडांकडे गेला. तिने तो बाजूला सारला, कडा आपल्याकडे ओढल्या आणि उभ्या उभ्या खाऊ लागली.