पटक्याची सावली

एम.फार्म.च्या संशोधनासाठी माझा अडुळशाचा विषय मंजूर झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी पन्हाळ्याहून पाल्याचं पोतं घेऊन कोल्हापूरच्या एस.टी.त बसलो. आनंद पोटात मावेना. शेजारच्या मिशाळ शेतकऱ्याला मी न विचारताच सांगितलं, "हा सावलीतच वाळवायचा. उन्हानं औषधी गुण जातो."

त्यांनी पोत्यावरचं ऊन पाहिलं, डोक्याचा पटका सोडला आणि पोत्यावर पांघरला. सुतकाशिवाय चारचौघांत पटका न सोडणारी माणसं ही! अख्खी गाडी बघत राहिली.

"अहो, पटका कशाला?"

"पावणं, डोस्कं रोजच तापतंय की!" ते गरजले. "औषिध कुनाच्या तरी लेकराला लागनार हाय."

उतरताना त्यांनी पटका पुन्हा बांधला. त्यात अडुळशाचं एक पान तुऱ्यासारखं अडकलेलं होतं. मी सांगितलं नाही. पदवीदान माझ्याआधी त्यांचं झालं.