माझ्या हातचा खुराक

माझ्या बायकोला हे माहीत नाही. मुलांना माहीत नाही. तालमीत माझ्या पाया पडून आखाड्यात उतरलेल्या पोरांपैकी तर कुणालाच नाही. मलकापुरात अजूनही एखादा म्हातारा भेटतो आणि म्हणतो, उत्तमसारखा पहिलवान पुन्हा झाला नाही हो वस्ताद, त्याच्या मागं तुम्ही फार खचलात. मी मान हलवतो. इतकी वर्षं नुसती मान हलवत आलोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुमच्यापुढे तोंड उघडतंय — पण सुरुवात कुठून करू?

उत्तमपासूनच करतो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झालेली नव्हती. उत्तम सोनाळ्याचा. बाप लहानपणीच गेलेला. त्याची आई त्याला घेऊन आली तेव्हा तालमीच्या उंबऱ्याबाहेरच थांबली, कारण आत बाईमाणसानं यायचं नाही. तिथूनच म्हणाली, "वस्ताद, एकुलता एक पोट्टा हाय. तुमच्या पदरात टाकून राह्यली." मी तेव्हा पस्तिशीतला. गुडघा मोडल्यामुळे कुस्ती सुटलेली, मिजास मात्र शाबूत. पोराचे खांदे पाहिले, मनगट धरून पाहिलं आणि ठेवून घेतलं.

आता आमची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. मोठी कुस्ती ठरली की त्या पहिलवानाचा खुराक वस्तादानं स्वतःच्या हातानं करायचा. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी कुंडीत सोट्यानं घोटायची, दुधात कालवून फडक्यातून गाळायची आणि लोटा त्याच्या हातात द्यायचा. पहिलवानानं आत न पाहता तोंडाला लावायचा. ही रीत का पडली, ठाऊक आहे? समोरच्या तालमीचं कुणी त्यात काही कालवू नये म्हणून. कुणी काही कालवू नये म्हणून!

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी मांडी वाळून काठी झाली होती. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. थोडेच दिवस घ्या, असं बजावलंही. मी घेतल्या, आणि खरं सांगतो, मांडी भरली. भूक लागायला लागली. माझ्या डोक्यात किडा तिथेच शिरला — लंगड्याला एवढं, तर धडधाकटाला किती? औषधाच्या दुकानातला माणूस ओळखीचा होता, चिठ्ठी मागायचा नाही. मी माझ्यासाठीच नेतोय असं त्याला वाटायचं.

उत्तमला विचारलं असतं तर? तो घेणार नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. ताप आला तरी तो गोळी घ्यायचा नाही, काढा पिऊन पडून राहायचा. एकदा तालमीत असाच विषय निघाला होता, तेव्हा म्हणाला, "गोळ्या खाऊन आलेली ताकद माही कशी म्हनू, वस्ताद?" सगळे हसले. मीही हसलो. आणि तो नाही म्हणेल म्हणूनच — मी विचारलंच नाही. बदामाबरोबर गोळ्या कुंडीत टाकल्या आणि घोटल्या. हाताला काही वेगळं लागलं नाही. लागायला हवं होतं, नाही का?

पोरगा असा भरला की बघणाऱ्यानं बघतच राहावं. मान, खांदे, मांड्या — लोक तालमीच्या खिडकीतून डोकावून जायचे. खानदेशातून आलेल्या एका नामी गड्याला त्यानं भरल्या फडात चीत केलं. त्याला चांदीचं कडं मिळालं, मला फेटा बांधला. लोक म्हणाले, वस्तादाच्या हातचा खुराक बोलला. मी फुगलो. खोटं कशाला बोलू, फार फुगलो. तिथे तरी थांबायचं होतं. पण पुढची कुस्ती ठरली, मग तिच्या पुढची.

पुढे त्याच्या पाठीवर फोड उठले. स्वभाव बदलला. मुंगीलाही न दुखवणाऱ्या पोरानं जोडीदाराच्या कानाखाली वाजवली आणि नंतर स्वतःच रडत बसला. मी म्हणालो, अंगात गरमी आहे, ताक पी.

आणि मग तो दिवस. तालीम रिकामी झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि अंगावरचा गमछा बाजूला केला. छाती सुजली होती — पहिलवानाची भरते तशी नव्हे. वयात येणाऱ्या मुलीची भरते, तशी. हात लावला तर कळ यायची. त्याची मान वर होत नव्हती. म्हणाला, "वस्ताद, जत्रेत एका पोरीकडे पाह्यलं होतं म्या. दुसरं काही नाही, देवाशपथ. पन मन बाटलं माहं. त्याचंच हे फळ असन."

मी हादरलो. कारण हे मीच त्यांना शिकवलं होतं — लंगोटाचा कच्चा पहिलवान बाईसारखा होतो, असं दर आठवड्याला मोठ्या आवाजात सांगायचो. गोळ्यांनी काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण त्याच्या पोटात काहीतरी जातंय आणि ते त्याला माहीत नाही, एवढं तर मला माहीत होतं! तेवढं पुरेसं नव्हतं का? समोर एक जवान पोरगा स्वतःच्या मनाची घाण मानून रडत होता. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, मारुतीला तेल वाहा, जोर वाढव, मन साफ ठेव. तो हो म्हणाला. शनिवारी उपास धरू लागला.

हे सांगताना माझाच विश्वास बसत नाही, की असं बोललो तो मी होतो. पण मीच होतो.

काही महिन्यांत त्याचे डोळे पिवळे झाले. अन्न जाईना. आई सोनाळ्याहून काविळीची माळ घेऊन आली आणि तिनं ती त्याच्या गळ्यात घातली. वजन उतरायला लागलं, मांस गळायला लागलं. आणि मी — तुम्ही ऐकताय ना? — मी गोळ्या वाढवल्या. ताकदीच्या गोळ्या होत्या, ताकद चालली होती, म्हणून वाढवल्या. उसाच्या रसात कालवल्या, कारण दूध त्याला सोसत नव्हतं. तो दोन घोट घ्यायचा आणि मला बरं वाटावं म्हणून तिसराही घ्यायचा.

शेवटी अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, छाती पाहिली आणि मला एकट्याला व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, "अंग भरायच्या गोळ्या मिळतात, त्यानं माणसाची छाती अशी सुजते आणि लिव्हर खराब होतं. हा असलं काही घेत होता का? नीट आठवून सांगा, त्यावर पुढचं ठरेल."

म्हणजे ती छाती — माझी. ते पिवळे डोळे — माझे. सगळं माझ्या हातचं. डॉक्टर थांबले होते. त्यांच्यामागे दारातून त्याची आई दिसत होती, त्याचे तळवे चोळत बसलेली.

मी म्हणालो, "नाही साहेब. दूध-बदाम. दुसरं काहीच नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि वर ठसक्यात म्हणालो, खुराक मी स्वतः करतो. माझी तालीम, माझा फेटा, त्या बाईची नजर — कशाची भीती वाटली? सगळ्याचीच. भ्यालो. आयुष्यभर पोरांना घाबरू नका म्हणून शिकवलं, आणि एका साध्या प्रश्नाला भ्यालो. डॉक्टर मग दुसरीच कारणं शोधत राहिले. गोळ्या तेव्हापासून मी बंद केल्या. सांगितलं असतं तर तो वाचला असता का, ते डॉक्टरांनाच कळलं असतं. मी कळू दिलं नाही.

त्याचं पोट पाण्यानं फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या. शुद्ध येत-जात होती. एका दुपारी त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज नव्हताच, कान तोंडाशी न्यावा लागला.

"वस्ताद, तुमचा लंगोट म्या राखला नाही. तुमचं नाव खराब केलं. मले माफ करा."

तेव्हाही सांगता आलं असतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. एवढंच म्हणायचं होतं — उत्तम, तुझं मन साफ होतं रे, घाण माझ्या कुंडीत होती. त्यानं ते ऐकलं असतं. ऐकून शांत गेला असता. शब्द ओठापर्यंत आले होते. पण त्याची आई माझ्याकडे पाहत होती.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "केलं माफ, लेका."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई उठली आणि तिनं माझे पाय धरले. मी धरू दिले.