पप्पांचं बटण

मैत्रिणींनो, दुपारी लेकीच्या शाळेतून आले तेव्हापासून कामात मन लागत नाही, म्हणून इथं लिहितेय.

माझ्या वैष्णवीला ऐकू येतं, सगळं समजतं, पण बोलता येत नाही. कळंबजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत तिला टॅब मिळालाय, तो शाळेतच असतो. त्यावरचं चित्र दाबलं की टॅब तिच्या वतीनं बोलतो. वाचा-उपचाराच्या मॅडम महिन्यातून एकदा येतात, नवे शब्द घालतात. आई आणि पप्पा या बटणांवर त्यांनी आमचे फोटो लावले होते.

आज टॅब उघडून मॅडम म्हणाल्या, "सर, पप्पांचं बटण कुठं गेलं?"

तिच्या वर्गाचे गुरुजी ओशाळले. "तिचे वडील वारले, तेव्हा मीच काढलं. लेकरू सारखं तेच दाबायलं होतं. वर्गात ऐकवत नव्हतं मॅडम."

"अहो, मग तिनं विचारायचं कसं?"

मॅडमनी बटण परत बसवलं. वैष्णवीनं लगेच ते दाबलं, मग दुसरं. "पप्पा. कुठं."

मला वाटत होतं, ती विसरली.

मी तिला जवळ घेतलं. "पप्पा वारले, बाळा. आता ते येणार नाहीत."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा तेच दाबलं. गुरुजी उठून बाहेर गेले. त्यांचं मन वाईट नाही. पण रडणं थांबावं म्हणून लेकराचा प्रश्नच काढून घ्यायचा का?

टॅब घरी आणलाय. मी लिहितेय आणि ती शेजारी बसून विचारतेय. अशा वेळी तुम्ही तुमच्या लेकरांना काय सांगितलं?