नखातली कणीक

कणीक मळताना ओल्या पिठाचा वास आला की अजून तो गुरुवार आठवतो. हे दर गुरुवारी तळोज्याच्या कारखान्यातून उशिरा यायचे, नखांत कणीक वाळलेली. घरात पाण्याचा पेलाही न उचलणारा माणूस कुणाकडे पोळ्या लाटतो?

विचारलं, तर म्हणाले, "ग्रीस असेल."

पांढरं ग्रीस?

एका गुरुवारी सुटी व्हायच्या वेळी मी कारखान्याच्या फाटकाशी थांबले आणि रिक्षाने यांच्या मागोमाग गेले. ओवे गावातल्या देवळात हे पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापत होते. मग वाजवायला लागले. इतका खुशीत चेहरा मी घरी कधी पाहिला नव्हता. मी बाहेरूनच परतले.

पुढच्या गुरुवारी यांच्या डब्यात कणकेचा गोळा ठेवला.

संध्याकाळी दारातूनच म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"नखांनी."

आता गुरुवारी नखं स्वच्छ दिसली, तरच मला संशय येतो.