माहेरचं कुणी आलंय का?

मी जळगावात भूल द्यायची तेव्हा माझा एक प्रश्न ठरलेला असे: तुमच्या घरात भूल दिल्यावर कुणाला काही झालं होतं का? एखाद्या घराण्यात ठरावीक भुलीने अंग तापाने भडकतं, स्नायू लाकडासारखे होतात आणि माणूस हातचा जातो. त्यावरचं औषध आमच्याकडे मिळतच नसे. आधी विचारून घेणं, एवढंच हातात.

पण उत्तर द्यायचे सासरचे. अमळनेरकडची एक सून, बैलगाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. प्रश्न मी तिला केला, बोलले सासरे. "बठ्ठं चांगलं शे, बाई." ती पदर तोंडाशी धरून छताकडे बघत राहिली. ते बघणं मला काही बरं वाटलं नाही.

"आबा, तिच्या माहेरचं कुणी आलंय का?"

"त्यासले कशाले घोर? बरी व्हयनी का सांगसूत."

सून बरी झाल्यावरच माहेरी कळवायचं, हीच आमच्याकडची रीत. माझं डोकंच फिरलं. चौकशी करायची ती तिच्या रक्ताची, आणि ते रक्त धुळ्याकडे, तिच्या माहेरी! म्हटलं, माहेरचं माणूस येईपर्यंत मी सुईला हात लावणार नाही. सर्जन चिडले. सासरे तर माझ्याशी बोलेनातच.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. माझा प्रश्न ऐकून त्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग सासूच्या मांडीवरच्या तिच्या बाळाकडे. खालमानेने म्हणाला, "मना मोठा भाऊ ऑपरेशनना टेबलवरच गया, बाई. आंग तवासारखं तपनं व्हतं."

लग्न ठरवताना हे कुणी बोललं नव्हतं, सासरच्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

मग ती भूल टाळून मी पाठीत सुई देऊन कमरेखालचाच भाग बधिर केला. ऑपरेशनभर तिच्या कपाळावरून माझा हात निघेना. अंग गारच राहिलं. पोर वाचली.

बाहेर येऊन सासूला बजावलं, हे बाळातही उतरलेलं असू शकतं, पुढे कुठल्याही डॉक्टरला आधी सांगा.

"आमना घरमा आसं काही नही," ती म्हणाली आणि बाळाला पदराआड घेतलं.

सुट्टी मिळाली त्या दिवशी सुनेला भावाच्या जीपमध्ये घातलं. फसवलं म्हणून माहेरी रवानगी. बाळ सासूने ठेवून घेतलं. जीप हलली तरी ती मागे वळून ओरडत होती, "बाळना डॉक्टरले सांगज्यात." सासूने मान फिरवली. त्या घरात आता ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.