सात वाजता स्वस्त होणारी भाकरी

आमच्या भागातल्या मोठ्या किराणा दुकानात डिजिटल भावपट्ट्या बसवल्या, त्या दिवशी मंडप होता, माइक होता आणि पाहुण्यांच्या गळ्यात मावतील त्याहून जास्त हार होते. मे महिन्यात सोलापुरात टाय लावून उभ्या असलेल्या मॅनेजरनं सांगितलं, की आता कागदी चिठ्ठ्यांचे दिवस संपले. ऑफिसात एक बटण दाबलं की सगळ्या फळ्यांवरचे भाव एकदम बदलतील. खात्री पटावी म्हणून पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबण्यात आलं. फळ्यांवरचे करडे चिमुकले पडदे क्षणभर मिटले, उघडले, आणि तूरडाळ किलोमागे दोन रुपयांनी महाग झाली. टाळ्या वाजल्या. डाळ महागल्याबद्दल टाळ्या मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्या.

तेव्हापासून माझ्या मनात संशय शिरला. इतक्या सहज बदलणारा भाव सरळ कसा राहील? दुपारी बाहेर ऊन चढलं की आत ताक चढणार, असा माझा होरा होता. नोकरी संपलेली असल्यामुळे वेळ होता. लागोपाठ तीन दिवस मी दुपारी जाऊन ताकाच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढला. ताक पठ्ठं जागचं हललं नाही. मला जरा वाईटच वाटलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गेलो, तेव्हा मात्र सापडलं. बरोबर सात वाजता कडक भाकरीचं पाकीट साठ रुपयांवरून पंचेचाळीसवर आलं आणि पट्टीवर लाल अक्षरं उमटली: ‘आज संपवा’. सकाळी पुन्हा साठ. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा पंचेचाळीस.

ही भाकरी आमच्या गल्लीतल्या अक्का करायच्या. अक्का बार्शीकडच्या, चार बायका हाताशी घेऊन दिवसभर ज्वारीच्या पातळ भाकरी थापायच्या आणि मंद आचेवर पापडासारख्या कुरकुरीत होईपर्यंत भाजायच्या. थोडा माल दुकानाला जायचा, बाकीचा दारातूनच विकला जायचा. कडक भाकरी महिना-दोन महिने सहज टिकते, हे सोलापुरात दात न आलेल्या पोरालाही ठाऊक असतं. दुकानाच्या कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं. त्यानं तिला पावाच्या रांगेत बसवलं होतं.

भाव वाढला असता तर मी बोंब मारली असती. उतरला होता, म्हणून मी गप्प राहिलो आणि रोज सातला एक पाकीट आणू लागलो. अक्कांच्या दारात ‘कमी करा’ म्हणायची माझी छाती नव्हती. पट्टीला म्हणावं लागत नव्हतं.

पंधरा दिवसांनी अक्काच आमच्या दारात आल्या.

“सर, तुमी इंग्रजी शिकिवलंय. जरा दुकानात चला माझ्यासंगं.”

“काय झालं?”

“माझी भाकरी शिळी म्हून लिवत्यात तितं. पुण्याला लेकाकडं पार्सल धाडणारी बाई हाय की, पाच वर्सांची गिऱ्हाईक, ती काल इचारती, ‘अक्का, दुकानातली उरलेली मला देता व्हय?’ लई लागलं बगा मनाला.”

“तुम्हाला दुकान पैसे कमी देतं का?”

“पैसे तेवढंच देत्यात. नाव जातंय माझं.”

आता नाही म्हणणं अवघड होतं. मी एक अर्ज लिहिला, त्यात ‘महोदय’, ‘सविनय’ आणि ‘निदर्शनास आणू इच्छितो’ हे सगळं घातलं. अक्कांनी अर्जाकडे पाहिलंही नाही. त्यांनी फडक्यात दोन भाकरी बांधून घेतल्या.

मॅनेजर टायसकट हजर होता. त्यानं अर्ज आदरानं घेतला आणि न वाचता कॉम्प्युटरखाली ठेवला. “काकू, सिस्टीम आपोआप करते. ब्रेड कॅटेगरी आहे ना, संध्याकाळी डिस्काउंट पडतोच.”

अक्कांनी फडकं सोडून दोन्ही भाकरी टेबलावर ठेवल्या. “यातली शिळी कंची, सांगा.”

त्यानं वास घेतला, तुकडे मोडले, दोन्ही चघळल्या. मग धीर करून उजवीकडची दाखवली.

“ती आज सकाळची हाय,” अक्का म्हणाल्या. “डावीकडची पाडव्याची.”

मॅनेजर ओशाळून हसला, पण डावीकडची खात राहिला. “चव मस्त आहे, काकू. पण गिऱ्हाईक खूश आहेत की. हे सरच बघा ना, रोज सातच्या ठोक्याला येतात.”

त्या एअर कंडिशन खोलीत मला घाम आला.

अक्का माझ्याकडे वळल्या. “म्हंजी तुमी बी?”

“मी निरीक्षण करत होतो,” मी म्हणालो.

“पिशवी घिऊन?”

मॅनेजरनं घाईघाईनं कीबोर्ड पुढं ओढला. “कॅटेगरी बदलायची विनंती पुण्याच्या हेड ऑफिसला पाठवतो. किती दिवस टिकते म्हणून लिहू?”

“खाऊन संपंपर्यंत.”

“आकडा लागतो, काकू.”

“लिवा दोन महिने.”

त्यानं यादी वरखाली फिरवली. त्यात चार प्रकारचे परदेशी पाव होते, कडक भाकरी नव्हती. शेवटी तो भीत भीत म्हणाला, “पापडात टाकू?”

“पापडात? तळून खात्यात व्हय माझी भाकरी?”

“पण पापडाचा भाव सातला उतरत नाही.”

अक्कांनी थोडा विचार केला. “मंग टाका. पर वर नाव भाकरीच लिवा.”

परतीच्या वाटेवर त्या माझ्या दहा पावलं पुढं चालल्या. मी निरीक्षणाचा विषय काढला नाही.

आठवड्यानं पुण्याहून होकार आला. त्या संध्याकाळी अक्का पुन्हा दारात. “चला. सात वाजायला आलेत.” माझ्या हातात पिशवी त्यांनीच दिली.

आम्ही फळीसमोर उभे राहिलो. सात वाजले. पलीकडे पावाच्या पट्ट्या मिटल्या, उघडल्या, लाल झाल्या. भाकरीची पट्टी साठावर ढिम्म. अक्का नाकाला पट्टी लागेल इतक्या वाकून बघत होत्या.

शेजारी एक बाई ट्रॉली घेऊन थांबली होती. तिनं घड्याळ पाहिलं, पट्टी पाहिली. “आज उतरली नाही वाटतं?”

“कडक भाकरी हाय, बाई,” अक्का परक्या माणसासारख्या म्हणाल्या. “ती काय पावागत एका दिसात शिळी हुती व्हय?”

“ते खरंच की,” बाई म्हणाली. “मला रोज वाटायचं, एवढी कुरकुरीत लागतेय आणि वर ‘आज संपवा’ कसं लिहितायत.” आणि तिनं दोन पाकिटं ट्रॉलीत टाकली.

अक्कांनी तिला वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग पदर सावरला आणि माझ्याकडे नजर टाकली. मी एक पाकीट पिशवीत ठेवलं.

“तिनं दोन घेतली,” अक्का म्हणाल्या.

मी दुसरं उचललं.